गृहस्थाश्रमाचा जमाखर्च : न लिहिलेलें मृत्युपत्र

मृत्युपत्र हा शब्द आपल्या घरांतून अशुभ मानला जातो. लग्नकार्य निघालें म्हणजे आपण सहा महिने आधीं वही काढतों. आहेर कोणास काय द्यावा, पंगती किती बसतील, आचारी कोणता बोलवावा, याचा विचार चार वडील माणसें एकत्र बसून करतात. परंतु जो प्रसंग प्रत्येकाच्या घरीं येणार याविषयीं कोणाच्याही मनांत तिळमात्र शंका नाहीं, त्याची तरतूद करण्याची गोष्ट काढली कीं, "असें अभद्र कां बोलावें?" म्हणून घरांतील स्त्रीवर्ग उठून जातो, आणि "मुलें समजूतदार आहेत, पाहून घेतील," असें म्हणून यजमान अडकित्ता हातीं घेतात. या महिन्यांत हा अभद्र मानलेला विषय मीं मुद्दामच घेतला आहे. सख्ख्या भावंडांतील प्रेम या एका न बोललेल्या गोष्टीपायीं आटतांना मीं जितक्या वेळां पाहिलें, तितक्या वेळां दारिद्र्यानें आटतांना पाहिलें नाहीं.

बोरी अरबसारख्या गांवीं निवृत्त शिक्षकाकडे एक काम न मागतां येतें. तें म्हणजे लोकांचे कागद वाचून त्यांचा अर्थ सांगण्याचें. बँकेचें पत्र, सातबाऱ्याचा उतारा, फेरफाराची नोटीस, असें कांहींना कांहीं घेऊन कोणीतरी ओसरीवर येऊन बसतो. पुष्कळदां येणाऱ्याच्या डोक्यावरचे केस नुकतेच उतरलेले असतात. सुतक फिटून आठ दिवसही झालेले नसतात. त्याचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो : "गुरुजी, बहिणींच्या सह्या लागतातच का?" या प्रश्नामागें लोभच असतो असें मी म्हणणार नाहीं. वडील गेले, कपाशी शेतांत उभी आहे, सोसायटीचें कर्ज डोक्यावर आहे, आणि शेत कोणाच्या नांवें लागणार हें घरांत कोणासच ठाऊक नाहीं, अशा गोंधळांतून तो प्रश्न निघालेला असतो. हा गोंधळ मागें ठेवून जाणारा मनुष्य बहुधा सज्जन व मुलांवर जीव टाकणारा असतो, हीच त्यांतील वाईट वाटण्याजोगी गोष्ट.

मृत्युपत्र केलें नाहीं म्हणजे वांटणीचा प्रश्न देवावर सोपविला, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः ज्यानें मृत्युपत्र लिहिलें नाहीं, त्याचेंही एक मृत्युपत्र असतेंच. तें १९५६ सालीं दिल्लीच्या संसदेनें त्याच्याकरितां लिहून ठेवलें आहे. हिंदु उत्तराधिकार अधिनियम असें त्याचें नांव असून १७ जून १९५६ पासून तो अंमलांत आहे. तो लिहितांना आपल्या घरची परिस्थिति कोणी विचारलेली नव्हती. आजारपणांत कोणी उशापायथ्याशीं बसून काढलें, कोणी शिक्षण सोडून शेत राखिलें, कोणाच्या लग्नांत सढळ हातानें खर्च झाला व कोणाच्या झाला नाहीं, हें त्या कायद्यास ठाऊक नाहीं व ठाऊक असणें शक्यही नाहीं. तो सर्वांस एकच माप लावतो. आपणांस तें माप पटत असेल तर उत्तम. परंतु पटतें कीं नाहीं हें ठरविण्यापुरतें तरी तें पाहून घेतलें पाहिजे.

समजा, एका गृहस्थानें नोकरीच्या कमाईंतून दहा एकर शेत घेतलें व एक घर बांधलें. त्याच्यामागें वृद्ध आई, पत्नी, दोन मुलगे व एक मुलगी आहे. शहरांतील माणसें समजतात कीं, सर्व कांहीं पत्नीचें. खेड्यांतील माणसें समजतात कीं, सर्व कांहीं मुलग्यांचें. कायदा दोघांचेंही ऐकत नाहीं. तो आई, पत्नी, दोन मुलगे व मुलगी असे पांच सारखे भाग करतो. दहा एकरांपैकीं दोन एकर प्रत्येकाचे. घराचेही पांच भाग. आई ही पहिल्या वर्गाची वारस आहे, वडील मात्र त्या वर्गांत नाहींत, हें पुष्कळ सुशिक्षितांसही ठाऊक नसतें. पुढें ती आई मृत्युपत्र न करतां वारली म्हणजे तिचा भाग तिच्या सर्व लेकरांच्या शाखांकडे जातो. म्हणजे पुतण्याच्या शेतांत काका व आत्या भागीदार होतात. तिकडे पत्नीचें पाहिलें तर ज्या घरांत तिनें चाळीस वर्षें चूल पेटविली, त्या घराचा ती पंचमांश धनी. मुलें चांगलीं असलीं तर कांहींच बिघडत नाहीं. परंतु एकानेंही वांटणी मागितली तर उतारवयांत तिच्या डोक्यावरचें छप्पर विकावयाची पाळी येऊं शकते.

वडिलोपार्जित मिळकतीचा हिशेब याहून अवघड आहे, आणि त्याचें उत्तम उदाहरण सांगलीच्या न्यायालयांतून सुरू झालेल्या एका दाव्यांत मिळतें. गुरुपाद मगदूम विरुद्ध हिराबाई मगदूम या नांवानें तो कायद्याच्या अभ्यासकांस परिचित आहे. घरचे कर्ते पुरुष २७ जून १९६० रोजीं वारले. मागें पत्नी, दोन मुलगे व तीन मुली. १९६२ सालीं त्यांच्या पत्नीनें दावा लावून मिळकतींतील ७/२४ हिस्सा मागितला. खालच्या न्यायालयानें १/२४ दिला. उच्च न्यायालयानें ७/२४ मान्य केला, आणि सर्वोच्च न्यायालयानें २७ एप्रिल १९७८ रोजीं तोच कायम ठेवला. निकाल देणारे सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड. चोवीस एकर शेत कल्पिलें, तर आईस एक एकर मिळावें कीं सात, एवढाच वाद होता. तो मिटावयास सोळा वर्षें लागलीं.

हे सात एकर कसे झाले, तें पाहण्यासारखें आहे. पतीच्या मृत्यूच्या आदल्या क्षणीं वांटणी झाली असें कायद्यानें धरावयाचें होतें. त्या वांटणींत पति, पत्नी व दोन मुलगे यांचे चार सारखे भाग, म्हणजे पत्नीस सहा एकर. पतीच्या सहा एकरांचे पुढें सहा वारसांत प्रत्येकी एक एकर याप्रमाणें भाग, म्हणजे पत्नीस आणखी एक. आतां त्या कल्पित वांटणींत पत्नीस मुलाइतका भाग कोणी दिला? तो संसदेचा नव्हे. पित्यानें हयातींत मुलांस सारखे भाग दिले, तर स्त्रीधन न मिळालेल्या पत्नीसही तितकाच भाग द्यावा, असा दंडक याज्ञवल्क्यानें घालून दिला; कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयास असलेल्या विज्ञानेश्वरानें मिताक्षरेंत त्याचें विवरण केलें. मद्रासकडे तो हक्क काळाच्या ओघांत व्यवहारांतून गेला. महाराष्ट्रांत तो टिकून राहिला. म्हणजे त्या माउलीच्या सात एकरांपैकीं सहा एकर एका प्राचीन स्मृतिकाराच्या पुण्याईचे होत. आपले पूर्वज घरांतील स्त्रीस विसरले नव्हते; विसरतात ते वांटणीच्या वेळीं पाटीवर आंकडे मांडणारे.

त्या काळीं मुलींस या कल्पित वांटणींत स्थान नव्हतें. महाराष्ट्र शासनानें १९९४ सालीं कायद्यांत दुरुस्ती करून त्या वर्षीच्या २२ जूनला अविवाहित असलेल्या मुलींस मुलाप्रमाणें जन्मसिद्ध हक्क दिला. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्रीय दुरुस्तीनें विवाहित व अविवाहित हा भेदही गेला. त्या दिवशीं वडील हयात असण्याची आवश्यकता नाहीं, असें विनीता शर्मा यांच्या प्रकरणांत ११ ऑगस्ट २०२० रोजीं सर्वोच्च न्यायालयानें स्पष्ट केलें. २० डिसेंबर २००४ पूर्वीं रीतसर झालेल्या वांटण्या व विक्रीव्यवहार मात्र उखडतां येत नाहींत. तेव्हां माझ्या ओसरीवरील प्रश्नाचें उत्तर सरळ आहे : बहिणींचा हक्क आहे, व त्यांच्या संमतीवांचून तो दुसऱ्याचा होत नाहीं.

यावर लोकांनीं काढलेला तोडगा म्हणजे हक्कसोडपत्र. तें स्वखुशीनें केलेलें व नोंदविलेलें असेल तर कायदेशीर आहे, आणि भावाची ओढगस्त पाहून आनंदानें सही करणाऱ्या बहिणी मीं पाहिल्या आहेत. परंतु बहुतेक सह्या माहेर तुटूं नये या एका भीतीनें होतात. आपला हिस्सा किती, तो सोडल्यावर पुन्हां मागतां येत नाहीं, हें तिला कोणी सांगितलेलें नसतें. तेराव्याच्या पंगती उठण्यापूर्वीं तिच्यापुढें कागद ठेवणारे महाभागही आहेत. तेरा दिवसांच्या आंत असा कागद मी कोणास लिहूनही देत नाहीं व वाचूनही दाखवीत नाहीं, हा माझा नेम आहे. ज्या दिवसांत माणसाचे डोळे कोरडे झालेले नाहींत, त्या दिवसांत त्याची सही घेऊं नये. मुलीस काय द्यावयाचें व काय द्यावयाचें नाहीं, हें सांगण्याचें काम वडिलांचें आहे. तें त्यांनीं हयातींत केलें म्हणजे भावास तोंड चुकवावें लागत नाहीं व बहिणीस संकोचानें सही करावी लागत नाहीं.

येथें एक मर्यादा ध्यानांत ठेवावी. १९५६ पूर्वीं एकत्र कुटुंबांतील अविभक्त हिश्शाचें मृत्युपत्र करतां येत नसे, आतां येतें. तथापि तें केवळ आपल्या हिश्शापुरतें. 'माझें सर्व वडिलोपार्जित शेत मी थोरल्या मुलास देतों,' असें कोणी लिहिलें, तरी लिहिणाऱ्याचा जेवढा भाग तेवढाच थोरल्याकडे जातो. मुलाचा वा मुलीचा जन्मसिद्ध भाग कोणाच्याही लेखणीनें पुसला जात नाहीं. स्वतः मिळविलेल्या मिळकतीस मात्र हें बंधन नाहीं.

न लिहिण्याचा परिणाम पाहिला. आतां उशीरां लिहिण्याचा पाहूं. पुण्याचे सरदार बाबामहाराज पंडित हे ७ ऑगस्ट १८९७ रोजीं पटकीनें वारले. त्याच दिवशीं त्यांनीं मृत्युपत्र करून विश्वस्त नेमले. लोकमान्य टिळक त्यांत होते. आमच्या वऱ्हाडचे, अमरावतीचे दादासाहेब खापर्डेही होते. याहून थोर विश्वस्त कोणास मिळावयाचे! बाबामहाराजांची तरुण पत्नी ताईमहाराज त्या वेळीं गरोदर होत्या. मुलगा न झाल्यास किंवा होऊन न वांचल्यास विश्वस्तांच्या संमतीनें दत्तक घ्यावा, असें मृत्युपत्रांत होतें. १८९८ च्या जानेवारींत मुलगा झाला व दोनेक महिन्यांत गेला. दत्तक कोणता, याचा निर्णय मरणारास करून ठेवण्यास सवड मिळालेली नव्हती. १९०१ सालीं औरंगाबादेस एक दत्तविधान झालें. पुढें ताईमहाराजांनीं दुसराच मुलगा दत्तक घेतला. त्यांतून दिवाणी दावा उभा राहिलाच, वर खुद्द टिळकांवर खोट्या साक्षीचा फौजदारी खटला झाला. १९०३ सालीं त्यांस शिक्षा झाली व १९०४ सालीं उच्च न्यायालयानें ते निर्दोष ठरले. दिवाणी दाव्याचा अखेरचा निकाल विलायतेंत प्रिव्ही कौन्सिलनें टिळकांच्या बाजूनें दिला, तो मार्च १९१५ मध्यें. तोपर्यंत ताईमहाराज वारून बारा वर्षें होत आलीं होतीं. एका दिवसांत लिहिलेल्या कागदाचा अर्थ ठरवावयास जवळजवळ अठरा वर्षें लागलीं. विश्वस्त कितीही निःस्पृह व विद्वान् असोत, मालकानें करावयाचा निर्णय त्यांस करतां येत नाहीं. आणि तो निर्णय पटकीच्या खाटेवर होत नाहीं. मृत्युपत्र करण्याचा योग्य काळ म्हणजे ज्या काळीं त्याची गरज भासत नाहीं तो.

तिसरा प्रकार हल्लींचा आहे. बँकेंत, टपालखात्यांत किंवा शेअरांच्या खात्यावर नामनिर्देशन केलें, म्हणजे नॉमिनी लावला, कीं मृत्युपत्राचें काम झालें, असें सुशिक्षित वर्ग समजतो. या समजुतीचा निकाल ज्या प्रकरणांत लागला, तें आपल्या प्रत्येकाच्या भिंतीशीं संबंध असलेल्या घरांतील आहे. कालनिर्णयकार ज्योतिर्भास्कर जयंतराव साळगांवकर यांनीं जून २०११ मध्यें मृत्युपत्र केलें होतें. २० ऑगस्ट २०१३ रोजीं ते निवर्तले. त्यांच्या कांहीं ठेवींवर व म्युच्युअल फंडांवर नामनिर्देशन केलेलें होतें. ज्यांचीं नांवें लावलेलीं आहेत ते त्या रकमांचे मालक, कीं मृत्युपत्राप्रमाणें व वारसाहक्काप्रमाणें वांटणी व्हावयाची, असा प्रश्न उभा राहिला. मुंबई उच्च न्यायालयांतून तो सर्वोच्च न्यायालयांत गेला, व १४ डिसेंबर २०२३ रोजीं निर्णय झाला कीं, नामनिर्देशनानें मालकी मिळत नाहीं. कंपनीनें वा बँकेनें पैसे कोणाच्या हातीं द्यावेत एवढेंच त्यानें ठरतें. घेणाऱ्यानें ते खऱ्या वारसांकरितां सांभाळावयाचे असतात. आयुर्विम्याबाबतही १९८३ च्या सरबतीदेवी प्रकरणापासून हाच नियम होता. २०१५ च्या दुरुस्तीनें तेथें आईवडील, पति वा पत्नी आणि मुलें यांच्यापुरता अपवाद झाला आहे. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेच्या ठेवीवर चार जणांपर्यंत नांवें लावतां येतात. नांवें अवश्य लावावींत, त्यानें पैसे लवकर हातीं येतात. परंतु नामनिर्देशन व मृत्युपत्र यांत एकच नांव असावें; दोन कागदांत दोन नांवें म्हणजे दोन मुलांच्या हातीं दोन तलवारी.

आतां भगिनीवर्गास चार शब्द. "माझ्यापाशीं आहे तरी काय!" असें म्हणून आपण हा विषय पुरुषांवर सोडतां. अंगावरचें सोनें, निवृत्तिवेतनाची शिल्लक, माहेराहून आलेलें शेत, नांवावर घेतलेली सदनिका, हें सर्व १९५६ पासून आपल्या पूर्ण मालकीचें आहे. परंतु निःसंतान विधवा मृत्युपत्र न करतां गेली, तर तिनें स्वतः कमावलेली मिळकत कायद्यानें पतीच्या वारसांकडे जाते. लग्नानंतर थोड्याच महिन्यांत वैधव्य आलेली, माहेरच्यांनीं सांभाळून शिकविलेली व नोकरीवर उभी राहिलेली एक बाई १९९६ सालीं वारली. ज्या सासरानें तिला घराबाहेर काढलें होतें, त्याच सासरच्या वारसांस तिचा पैसा मिळाला. २००९ सालीं ओमप्रकाश विरुद्ध राधाचरण या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, सहानुभूति कितीही वाटली तरी कायद्याचें शब्द बदलतां येत नाहींत. त्या बाईनें एका पानावर चार ओळी लिहिल्या असत्या तर तो पैसा तिच्या इच्छेप्रमाणें गेला असता. आपल्या घरोघरीं एखादी बालविधवा आत्या, अविवाहित मावशी, शिक्षिका असलेली वहिनी असते. घरानें तिच्याकडून आयुष्यभर घेतलें. तिचें शेवटचें मागणें तिनें लिहावें, एवढें तरी तिला कोणी सांगावें.

मृत्युपत्र करणें फारसें कठीण नाहीं. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार अधिनियमांतील नियम हिंदूंच्या १ जानेवारी १९२७ पासूनच्या सर्व मृत्युपत्रांस लागू आहेत. साधा कागद चालतो. मुद्रांक लागत नाहीं. मराठींत लिहिलेलें चालतें. लिहिणाऱ्यानें सही किंवा अंगठा करावा. निदान दोन साक्षीदारांनीं त्यास सही करतांना पाहिलेलें असावें, किंवा 'ही माझी सही' असें त्याच्या तोंडून ऐकलेलें असावें. आणि त्या प्रत्येकानें त्याच्यासमक्ष आपली सही करावी. दोघे एकाच वेळीं हजर असलेच पाहिजेत असें नाहीं, पण असावेत हें बरें. साक्षीदार आपल्याहून वयानें लहान, जवळपास राहणारे, व ज्यांस मृत्युपत्रानें कांहीं मिळावयाचें नाहीं असे निवडावेत. पुढें वाद झाल्यास, साक्षीदार हयात व हजर राहण्यासारखा असेल तर निदान एकास न्यायालयांत येऊन सांगावें लागतें. १८७२ च्या साक्ष कायद्यांतील हा नियम १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमांतही कायम आहे. प्रत्येक पानावर सही व अखेरीस तारीख अवश्य घालावी; अनेक मृत्युपत्रें असल्यास शेवटचें खरें धरतात. प्रकृति नीट असल्याचा डॉक्टरांचा दाखला कायदा मागत नाहीं, परंतु साठीनंतर तो जोडलेला बरा.

नोंदणी सक्तीची नाहीं. तरीही तालुक्याच्या दुय्यम निबंधकाच्या कचेरींत ती करून घेतली म्हणजे कागद हरवण्याची भीति जाते. मजकूर गुप्त ठेवावयाचा असल्यास मोहोरबंद पाकीट जिल्हा निबंधकाकडे ठेवण्याची सोय कायद्यांत आहे. आमच्या यवतमाळ जिल्ह्यांत प्रोबेट घेण्याची सक्ति नाहीं. मृत्युपत्राचा अंमल करणारी एक विश्वासू व्यक्ति नांवानिशीं नेमावी. मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आंत तलाठ्याकडे वर्दी देऊन फेरफार घ्यावा. परंतु सातबाऱ्यावर नांव लागणें म्हणजे मालकी सिद्ध होणें नव्हे, हेंही विसरूं नये.

कांहीं जण म्हणतात, "मृत्युपत्राचा व्याप कशाला? जिवंतपणींच बक्षीसपत्र करून मोकळे होऊं." यांत धोका आहे. मृत्युपत्र उद्यां बदलतां येतें. बक्षीसपत्रानें दिलेलें सहसा परत येत नाहीं. आईवडिलांच्या पालनपोषणाचा २००७ चा कायदा असें सांगतो कीं, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मिळकत ती अट मोडल्यास परत मिळूं शकते. परंतु ती अट कागदांत लिहिलेली असली पाहिजे. मनांतील अट कोणास वाचतां येत नाहीं. म्हणून निदान राहतें घर तरी दोघांपैकीं एक जण हयात असेपर्यंत हातचें जाऊं देऊं नये.

एवढे नियम सांगून झाल्यावर खरी अडचण उरतेच. ती म्हणजे न्यायाची. एक मुलगा गांवीं राहून शेत पाहतो, एक पुण्यास नोकरीवर आहे, मुलगी अमेरिकेंत संसार करते. न लिहिलेलें मृत्युपत्र प्रत्येक शेतांत तिघांचें व आईचें नांव लावील. दुसऱ्या पिढींत एका सातबाऱ्यावर बारा नांवें होतील, आणि विहिरीवर मोटार बसवावयाची तर परदेशांतून कागद मागवावे लागतील. लिहिणाऱ्या बापास निराळें करतां येतें. जो ओलिताचें शेत कसतो त्यास आपल्या हिश्शाचें शेत द्यावें. इतरांस ठेवी, सोनें वा गांवठाणांतील जागा द्यावी. घर पत्नीच्या हयातीपर्यंत तिचें ठेवावें. समान भाग देणें सोपें आहे. योग्य भाग देण्यास घरांतील माणसें ओळखावीं लागतात, आणि ती ओळख कायद्यास नाहीं, आपणांस आहे.

म्हणून माझी सूचना अशी. प्रथम एका वहींत मिळकतीची याद करा : शेताचे गट क्रमांक, घर, ठेवी, विमा, लॉकर, कोणास दिलेलें, कोणाचें घेतलेलें, कोणास जामीन राहिलेले. प्रत्येकीसमोर ती स्वकष्टाची कीं वडिलोपार्जित, तें लिहा. त्याखालीं मृत्युपत्राचा मसुदा करून ओळखीच्या वकिलास दाखवा. ज्यास अधिक दिलें त्यास कां दिलें, व ज्यास कमी दिलें त्यास कां, हें एकेका वाक्यांत नमूद करा. न्यायालय कारण विचारील वा न विचारील. कमी मिळालेलें लेकरूं तें वाक्य जन्मभर शोधीत राहतें. नंतर दिवाळीस मुलें, मुली, सुना, जांवई घरीं जमले म्हणजे त्यांच्यासमक्ष मुख्य गोष्टी बोलून टाका. त्या संध्याकाळीं कोणी रुसेल, कोणी उठून जाईल. तरी रुसलेल्याची समजूत घालावयास त्या वेळीं आपण असतों, हा लाभ मोठा आहे.

पुढील अंकीं वारसनोंद, फेरफार व वांटणीपत्र यांचा विचार करूं. वाचकांनीं आपले प्रश्न नांव न घालतां पाठविले तरी चालतील.

— एक निवृत्त शिक्षक, बोरी अरब